झोपेतला खर्च कुणाच्या नावे टाकायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत लॅपटॉपची बॅटरी जपण्याच्या दहा युक्त्या आल्या होत्या. पडद्याचा उजेड कमी ठेवा, नको ते कार्यक्रम बंद करा, उन्हात ठेवू नका वगैरे. दहाच्या दहा बरोबर आहेत, पण सगळ्या जाग्या लॅपटॉपसाठी आहेत. माझा लॅपटॉप खर्च करत होता तो झोपेत, आणि झोपेबद्दल त्या अख्ख्या पानावर एक ओळ नव्हती. ती राहिलेली ओळ म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझी बडबड कापा, आकडे तेवढे ठेवा.

मी साताऱ्याची. सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते, त्याला सव्वीस वर्षं झाली. ३१ जुलैच्या आत काम हातावेगळं करायचं असतं, त्यामुळे जून-जुलै आमची खरी धावपळ, आणि पाटण-जावळीकडचा पाऊसही नेमका तेव्हाच. गेल्या जुलैत पाटणजवळच्या एका पतसंस्थेत जायचं होतं. आदल्या रात्री लॅपटॉप ९१ टक्के भरला, झाकण लावलं, सकाळी उचलून बॅगेत टाकला आणि सातची एसटी पकडली. उंब्रज गेलं, आणि मल्हारपेठच्या अलीकडे मांडीवरची बॅग कोमट लागायला लागली. बाहेर धो धो पाऊस, खिडकीची काच अर्धी अडकलेली, त्यात मांडीला ऊब. डबा अजून गरम आहे म्हणून बरं वाटलं. डबा पायाशी पिशवीत होता हे उतरताना लक्षात आलं.

संस्थेत पोचले तर रात्रीच झाड पडून लाइन गेलेली. ज्या तालुक्यात कोयनेचं धरण आहे त्या तालुक्यात दिवसभर वीज नाही, ही तिथली नेहमीची थट्टा. पाणी आमचं, वीज होते घाटाखाली पोफळीला, आणि ती परत वर चढून येईपर्यंत दमते, असं तिथले व्यवस्थापक म्हणाले. इन्व्हर्टरवर काउंटरचा एक संगणक कसाबसा चालू होता. मी लॅपटॉप उघडला. शिल्लक ५१ टक्के! रात्री ९१ मोजून ठेवलेले, मधे कुणी हात लावलेला नाही, आणि सकाळी चाळीसची तूट. कर्जखतावणी निम्मी तपासून झाली होती तेव्हा, दीडच्या सुमाराला, पडदा काळा झाला. दोन चहा झाले, वीज आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सातची एसटी.

साताऱ्यात एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. चार मिनिटांत निदान झालं, तेही खालचा एक स्क्रू न काढता. 'मॅडम, बॅटरी गेली. चार हजार आठशे.' मशीन घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, 'उतरते ना लवकर, म्हणजे गेलीच.' आता सांगा, रोख शिल्लक कमी भरली म्हणून किर्द न बघता कॅशिअरला घरी बसवा, असा शेरा मी आजवर एकाही अहवालात लिहिलेला नाही. तूट दिसली की आधी वह्या. वह्या बघितल्यावर कधी कॅशिअर निघतो, कधी चेअरमनचा मेहुणा निघतो. पण बॅटरीच्या वह्या कुठे असतात हे मला माहीत नव्हतं आणि दुकानदाराला बघायच्या नव्हत्या.

त्या वह्यांचा पत्ता मिळाला त्याच पाटणच्या संस्थेत. तिथे नवी लागलेली एक लिपिक मुलगी आहे, कराडला बीसीए केलेली. दुसऱ्या खेपेला मी बॅटरीचं रडगाणं लावल्यावर ती व्हाउचरवरची मान वर न करता म्हणाली, 'मॅडम, त्यालाच इचारा की. सगळं लिहून ठिवतंय ते.'

आणि खरंच ठेवतं. विंडोजच्या खालच्या खुणेवर उजवी टिचकी मारून 'टर्मिनल (ॲडमिन)' उघडायचं. त्या काळ्या खिडकीत रोमन अक्षरांत 'पॉवरसीएफजी' असा जोडशब्द, एक जागा सोडून तिरपी रेघ, रेघेला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट'. तेच पुन्हा करून शेवटी 'स्लीपस्टडी'. दोन फाइली तयार होतात. त्या कुठे ठेवल्या ते तीच खिडकी सांगते, आणि त्या ब्राउझरमध्ये उघडतात. पैसे लागत नाहीत, काही उतरवून घ्यावं लागत नाही. गेली दीड वर्षं हे दफ्तर माझ्या मांडीवर होतं आणि मी ते मागितलं नव्हतं.

पहिला अहवाल बॅटरीच्या तब्येतीचा. कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता ५०,००० मिलीवॅट-तास, आज पूर्ण भरल्यावर ४६,३५०. म्हणजे ९३ टक्के शाबूत. चार्जिंगच्या फेऱ्या ११२, बॅटरीची एक पूर्ण भरणी खर्च झाली की एक फेरी. थोडक्यात, कॅशिअर निर्दोष. याची मी छापील प्रत काढून दुकानात नेली. दुकानदारानं ती लांब धरून वाचली, परत दिली आणि म्हणाला, 'सगळ्यांचंच असं होतंय मॅडम.' त्याचं हे वाक्य मला पुढे पटलं, पण ते तो बॅटरी खपवायच्या आधी म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मग मी आठवडाभर रोज रात्री शिल्लक मोजली. रात्री पावणेदहा ते सकाळी सव्वासहा, साडेआठ तास. पहिल्या रात्री नेहमीसारखं नुसतं झाकण लावलं, तेव्हा ९१ वरून ५७. दुसऱ्या रात्री पूर्ण बंद केला, 'शट डाउन'. ९१ वरून ९१. ही रात्र सर्वांत महत्त्वाची, आणि ती करायला काहीही कळावं लागत नाही. बॅटरी स्वतःच गळकी असती तर बंद मशीनमध्येही गळली असती. ती जागची हलली नाही, म्हणजे पैसे तिजोरीतून झिरपत नाहीत, काउंटरवरून कुणीतरी काढतंय. किती? ३४ टक्के म्हणजे ४६.३५ वॅट-तासांपैकी जवळपास पावणेसोळा. भागिले साडेआठ तास, म्हणजे पावणेदोन वॅटच्या थोडं वर. अर्ध्या वॅटचे रात्रीचे दिवे मिळतात, तसे साडेतीन दिवे माझ्या 'झोपलेल्या' लॅपटॉपच्या पोटात रात्रभर जळत होते. वीजबिलात याची किंमत पंधरा-सोळा पैसे, तक्रार करावी इतकीही नाही. तक्रार आहे ती दीड वाजता पाटणला काळ्या झालेल्या पडद्याची. शिवाय अशा तीन रात्री म्हणजे बॅटरीची एक फेरी फुकट, आणि या बॅटऱ्यांचं आयुष्य फेऱ्यांवरच मोजतात.

आता दुसरी वही, स्लीपस्टडी. ही अस्सल रोजकीर्द. शेवटच्या तीन दिवसांत मशीन किती वाजता झोपलं, किती वेळ झोपलं, त्या वेळात किती खर्च झाला, आणि खाली ज्यांनी झोपू दिलं नाही त्यांची नावं, कोण किती टक्के वेळ जागं होतं त्यासकट. अशी कीर्द एखाद्या संस्थेत मिळाली तर मी उठून पेढे वाटीन. माझ्या यादीत सर्वांत वर होतं 'यूएसबी एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर', ९९ टक्के. म्हणजे मशीनच्या कडेला ज्या खाचांत आपण पेनड्राइव्ह, माउस खुपसतो त्या खाचा सांभाळणारा पहारेकरी. तो रात्रभर जागा, आणि पहारेकरी जागा तर वाडा जागा.

पण मी तर माउस वापरत नाही. पेनड्राइव्ह कुणाचा लावून घेत नाही, त्यातून काय काय येतं ते पाहिलेलं आहे. दोन दिवस मला हे कोडं उलगडलं नाही. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले. घरात अंधार, टेबलावर लॅपटॉप मिटलेला, आणि त्याच्या डाव्या कडेला मोहरीएवढा एक लाल ठिपका. तो ठिपका मी कित्येक महिने बघत होते. आमच्या घरात देवघरातलं निरांजन, फ्रिजचा स्टॅबिलायझर, वायफायचा डबा असं बरंच काही रात्री मिणमिणत असतं, त्यातलंच हे एक म्हणून डोळा सरावला होता. त्या रात्री मात्र जवळ जाऊन बोट लावलं. कोमट. माझ्या डिजिटल सहीचा टोकन!

पेनड्राइव्हसारखी, बोटाच्या पेराएवढी ती वस्तू, संगणकावरची माझी सही तिच्यात असते. सही करताना लावायची, झाली की काढून कुलपात ठेवायची, हे मी संस्थांना दरवर्षी सांगते, न पाळणाऱ्यांना शेरा मारते. माझा टोकन मात्र खाचेत राहायचा, कारण तो सारखा लावायचा-काढायचा कंटाळा. तेव्हा संपादक महाराज, रात्रभर जो खर्च पडत होता तो माझ्याच सहीनं पडत होता. दुकानदाराला बोल लावून झाल्यावर हे कबूल करणं थोडं जड गेलं. आमच्या ह्यांनी ऐकून घेतलं आणि 'अफरातफर घरचीच निघाली' एवढंच म्हणाले.

टोकन काढून ठेवला. पुढच्या रात्री ९० वरून ८०. चौतीसचे दहा झाले. कुणी म्हणेल, झालं की! पण झोपलेल्यानं दहा तरी का खावेत? आमचा जुना लॅपटॉप, भाचीला दिलेला, झाकण लावून दोन दोन दिवस पडलेला असे आणि उघडला की बहुतेक होती तशीच शिल्लक दाखवी. मग नव्याला काय धाड भरली?

यातलं मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. संगणक चालू असताना चाललेलं काम एका कच्च्या वहीत असतं, तिला रॅम म्हणतात. ही वही विचित्र, वीज गेली की कोरी. पक्की वही म्हणजे डिस्क, तिच्यातलं वीज नसतानाही राहतं. संगणकाच्या झोपेच्या पायऱ्या १९९६ साली आलेल्या एसीपीआय नावाच्या मानकात ठरल्या. त्यातली एस-३ म्हणजे आपली ओळखीची झोप. सगळं कार्यालय बंद, फक्त कच्च्या वहीजवळ एक बारीक दिवा. एस-४ म्हणजे 'हायबरनेट'. कच्च्या वहीतलं सगळं पक्क्या वहीत उतरवायचं, मग तो दिवाही मालवायचा. पुढे, म्हणजे २०१२ च्या विंडोज ८ पासून, मोबाइलचं बघून वेगळीच झोप निघाली, आणि विंडोज १० मध्ये तिला 'मॉडर्न स्टँडबाय' नाव मिळालं. तिच्यात यंत्र खरं झोपतच नाही. पडदा काळा करतं, डोळे मिटतं, पण कान उघडे ठेवून मेल येतोय का, काही नवं उतरवायचं आहे का हे अधूनमधून बघत राहतं. कागदावर ही एस-०, म्हणजे जागेपणाचीच पायरी. सगळे सुटे भाग गुणी निघाले तर खर्च थोडाच होतो. पण एखादं वायफायचं कार्ड, सुटा भाग चालवणारा एखादा जुना कार्यक्रम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात तो, किंवा एका बाईचा टोकन जागा राहिला की अख्खं घर जागरणाला बसतं. त्यात ते बॅगेत कोंबलेलं, वारा नाही. मल्हारपेठची ऊब ती हीच.

आपल्या मशीनला कुठली झोप येते ते त्याच काळ्या खिडकीत कळतं. 'पॉवरसीएफजी', जागा, तिरपी रेघ आणि नुसता 'ए'. माझ्याकडे उत्तर आलं की एस-० आहे, एस-३ या मशीनच्या मूळ बांधणीतच नाही. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत ती नसतेच, त्यामुळे दुकानात भांडून उपयोग नाही. काहींच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, दोन्हींतली एक निवडायची सोय असते. पाटणची ती मुलगी विंडोजऐवजी लिनक्स नावाची प्रणाली वापरते, तिच्यावर तर 'मेम-स्लीप' नावाच्या फाइलीत दोन्ही झोपांची नावं शेजारी शेजारी असतात आणि चालू असेल ती चौकटी कंसात. तिनं 'डीप' निवडली आहे, म्हणजे आपली जुनी एस-३. तिची बॅटरी जात नाही. तिला मी तिच्या चेअरमनसमोर 'अ' वर्ग दिला.

मी शेवटी काय केलं? आधी वायफाय बंद करून झोपवून बघितला, ९० वरून ८४. म्हणजे उरलेल्या दहातले चार त्या उघड्या कानांचे. मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण बंद केल्यावर काय करायचं ते विचारतात. बॅटरीवर असताना 'स्लीप'च्या जागी 'हायबरनेट' ठेवलं. माझ्याकडे हा पर्याय यादीत आधी दिसेचना. काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी', तिरपी रेघ 'हायबरनेट' आणि पुढे 'ऑन' लिहिल्यावर तो उगवला. त्या रात्री ८४ वरून सकाळी ८४. उघडायला आता दोनऐवजी वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात मी चष्मा पुसून घेते. उघडल्यावर खतावणी होती त्या पानावर, कर्सर होता त्या रकान्यात. घरी चार्जर लावलेला असताना मात्र साधी झोपच ठेवली आहे, तिथे कुणाला घाई नाही आणि तूटही नाही.

एक गोष्ट मात्र मला बोचते आणि त्यासाठीच खरं तर आपल्याला लिहिलं. लॅपटॉप घेताना खोक्यावर ठळक छापलेलं असतं, बॅटरी इतके तास चालते. झाकण लावून ठेवला तर रात्रीत किती जाते हे एकाही खोक्यावर मला दिसलं नाही, आणि यात एस-३ आहे की नाही हे विचारल्यावर शोरूममधल्या मुलानं मला मोबाइलचं मॉडेल दाखवलं. एखाद्या संस्थेनं ताळेबंदात फक्त दिवसाचे व्यवहार दाखवले आणि रात्रीचे गाळले तर मी तो पास करीन का? निदान आपल्या पुरवणीत नव्या लॅपटॉपची ओळख करून देता तेव्हा, तो एक रात्र झाकून ठेवून सकाळी किती उरली तेवढा एक आकडा छापत चला. परीक्षण करणाऱ्याला त्यासाठी काहीच करायचं नाही, झोपायचंच आहे.

आणि ज्यांना दुकानात 'बॅटरी गेली' असं सांगितलंय, त्यांनी पैसे मोजण्याआधी एक रात्र लॅपटॉप पूर्ण बंद करून टक्के कागदावर लिहून ठेवावेत, सकाळी पुन्हा बघावेत. बंद असतानाही घसरले तर दुकानदार खरा असेल. माझ्या जावेच्या लॅपटॉपचं तसंच निघालं. तिची क्षमता निम्म्याच्या खाली आली होती आणि मधला भाग फुगून टचपॅड वर उचललं गेलं होतं. तिला मी त्याच दिवशी वापर बंद करायला लावला, कारण फुगलेली बॅटरी हा हिशेबाचा विषय नाही, आगीचा आहे. तिनं नवी बसवली, त्याच दुकानातून.

आपली,
एक लेखापरीक्षक, सातारा

ता. क. टोकन आता कपाटात कुलपात असतो. परवा किल्ली घरी विसरून कोरेगावला गेले आणि सहीवाचून परत आले. लॅपटॉप मात्र ८८ टक्के होता.